मालदांडीच्या मुलखात वाण घेऊन

मंगळवार : पुणे, मोहोळ, सोलापूर

ज्वारीचं बी वाटणं हे पुण्यात बसून फार सोपं काम वाटतं. एकरी चार किलोची पिशवी, सोबत एक घडीपत्रिका, शेतकऱ्याची सही, एक फोटो. पुढे त्या बियाचं काय झालं हे कळायला मात्र थंडीत सोलापूरचं शिवार तुडवावं लागतं.

यंदा सप्टेंबरात आमच्या संस्थेने उत्तर सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या काही शेतकऱ्यांना रब्बी ज्वारीचे सुधारित वाण दिले होते. अट एकच घातली होती : सगळं रान नव्या वाणाखाली घालायचं नाही. आपली नेहमीची मालदांडी, म्हणजे इथली पिढ्यान्‌पिढ्यांची ज्वारी, पेरायची आणि तिच्या शेजारी, त्याच दिवशी, त्याच पाभरीने नव्या वाणाचा पट्टा टाकायचा. म्हणजे शेतकऱ्याने आमच्या शब्दावर जायला नको. बांधावर उभं राहून दोन्हीकडे बघितलं की झालं. हे पट्टे बघायला आणि शेतकरी, मुख्य म्हणजे त्यांच्या घरच्या बायका, काय म्हणतात ते ऐकायला आम्ही निघालो होतो. गाडीत सारी हयात कोरडवाहू शेतीत घालवलेले आमचे सर, मी, आणि गाडी चालवणारे मामा. मामांची करमाळ्याकडे थोडी शेती आहे. त्यामुळे त्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा रानाकडे जास्त, आणि आमचं मामांकडे.

भिगवण सोडलं की डाव्या हाताला उजनीचं पाणी सोबतीला येतं. १९८० मध्ये धरण पुरं झालं आणि सोलापूरचे दोन जिल्हे झाले असं सर म्हणतात. एक कालव्याखालचा, दुसरा आभाळाखालचा. भीमानगरचा पूल ओलांडला की पहिला लागतो. ऊस, पुन्हा ऊस, आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढत सावकाश चाललेले ट्रॅक्टर. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने याच जिल्ह्यात, आणि ज्वारीचं कोठार म्हणून नावही याच जिल्ह्याचं. पाणी जिथे पोचलं तिथून ज्वारी उठली. यावर शहरात बसून हळहळणारे लोक मला भेटतात. त्यांनी एकदा मार्चच्या उन्हात एक एकर ज्वारी उपटून दाखवावी. ऊस तोडायला कारखान्याची टोळी दारात येते. ज्वारी हातांनी मुळासकट उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, आणि त्याला माणूस मिळत नाही.

मोहोळला चहाला थांबलो. गावातून जाताना कुणाला जाणवणार नाही, पण निम्मा महाराष्ट्र जी भाकरी खातो तिचं मूळ इथे आहे. इथल्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करत करत १९३० च्या दशकात ‘एम ३५-१’ काढली गेली. आज मालदांडी म्हणतात ती हीच. एवढ्या वर्षांत कितीतरी वाण आले आणि विसरले गेले. ही मात्र हटली नाही. नवीन वाण घेऊन इकडे येणाऱ्या प्रत्येकाची गाठ आधी हिच्याशी असते. पांढरा, टपोरा, चमकदार दाणा, गोड कडबा, मऊ भाकरी. उत्पादन बेताचं असलं तरी आभाळाने दगा दिल्यावर अगदीच मोकळं सोडत नाही, अशी तिची ख्याती.

लांबोटीच्या पुलावरून सीना ओलांडताना मामांनी गाडी हळू केली. सप्टेंबर २०२५ च्या महापुरात हा महामार्ग इथेच बंद पडला होता. आता नदी शहाण्या मुलीसारखी वाहत होती, पण काठची रानं बघवत नव्हती. कुठे माती खरवडून खालचा मुरूम उघडा पडलेला, कुठे दोन-दोन फूट गाळ बसलेला. आमचे इथले काही पट्टे पेरलेच गेले नाहीत. बी घरात तसंच आहे. काहींची पेरणी लांबून ऑक्टोबरच्या अखेरीला झाली. रब्बी ज्वारीची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्यानंतर पेरलेल्या ज्वारीला दाणा भरताना ओल कमी पडते. काही जणांनी शहाणपणाने ज्वारीचा नाद सोडून हरभरा टाकला होता. त्यांना आमच्या तक्त्यात ‘सहभाग नाही’ या रकान्यात टाकावं लागणार, हे मला अजिबात पटत नाही.

रात्री सोलापुरात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. चटणीतलं तेल बोटांना लागलं की समजावं पोचलो.

बुधवार : उत्तर सोलापूर

सकाळी सर विभागीय कृषी संशोधन केंद्रावर जुन्या ओळखी काढत बसले. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, आणि इथल्या शिफारशी वाचल्या तर त्यात बियापेक्षा पाण्याबद्दलच जास्त सापडेल. इथे रब्बी ज्वारी पावसावर येत नाही, साठवलेल्या ओलीवर येते. पेरल्यावर पाऊस आला तर आला. म्हणून पेरणीच्या आधीच, जुलैत, रानात लहान-लहान वाफे पाडून घ्यायचे, साधारण दहा-बारा फुटांचे. त्यात पावसाचा थेंब न् थेंब जागच्या जागी मुरतो. पेरताना वाफे मोडतात आणि खालची ओल पिकाला मिळते. ना धरण लागतं, ना मोटार. सारे, म्हणजे वाफे, पाडायचं यंत्र किंवा बळीराम नांगर लागतो, आणि जुलैत दोन दिवसांचं काम.

दुपारी पहिल्या गावात गेलो. शेताचे मालक, गाव त्यांना अण्णा म्हणतं, कोळपत होते, म्हणजे पिकाच्या ओळींमधून बैलांचं औजार फिरवून माती हलवत होते. हे कोळपं बघण्यासारखं असतं. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्यात, त्या दुसऱ्या वेळी कोळप्याला अखंड पास, म्हणजे सलग पातं, असते. तिसऱ्या वेळी, सातव्या-आठव्या आठवड्यात, अण्णांनी दातेरी कोळपं जुंपलं होतं. तोवर काळी माती भेगाळायला लागलेली असते. पाऊल टाकताना टाच आत जाईल अशा भेगा. त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. दाते फिरले की वरची माती भुसभुशीत होऊन भेगेत पडते, भेग बुजते, ओल खाली कोंडली जाते. बैलांच्या तोंडाला मुसकी बांधलेली, नाहीतर ते दोन्ही बाजूंची पानं ओढत चालतात. पट्ट्याच्या टोकाला अण्णा कोळपं उचलायचे, दात्यांत अडकलेली हरळी पायाने काढून बांधावर फेकायचे, आणि बैलांना काहीतरी कन्नड-मराठीत सुनावून परत फिरवायचे.

“एक कोळपणी म्हंजे अर्धं पाणी,” अण्णा म्हणाले. ही म्हण घडीपत्रिकेतही आहे. पण पुढचं घडीपत्रिकेत नाही. “पर बैल ऱ्हायलंत का? गावात माझे धरून चार जोड्या. बाकी समदे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरनं पेरता येतंय, नांगरता येतंय. कोळपायचं कशानं? म्हून लोक तणनाशक मारत्यात. तणनाशकानं तण जातंय, भेग बुजती का?”

सरांनी हे वहीत लिहून घेतलं. मीही. आम्ही बी देतो, बैल कुठून देणार?

दुसऱ्या एका शेतात दोन भावांची वाटणी होती. थोरल्याच्या वाट्याला ओढ्याकडची खोल काळी जमीन, धाकट्याला माळाकडची. थोरल्याने आमच्याकडून फुले वसुधा नेली. खोल जमिनीचीच शिफारस असलेला वाण, ११६ ते १२० दिवसांचा. पीक छान उभं होतं, ताट जाड, पान रुंद. धाकट्याला आम्ही फुले अनुराधा दिली होती. ती हलक्या जमिनीसाठी, १०५ ते ११० दिवसांत येते, म्हणजे ओल संपायच्या आत दाणा भरून मोकळी होते. पण त्याने ती पेरलीच नव्हती. थोरल्याकडून वसुधाचं बी मागून माळावर टाकलं होतं. का? “दादाला चांगलं बी दिलं आन मला हलकं.”

त्याच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. ‘हलक्या जमिनीसाठी’ हे पिशवीवर ठळक छापायचं कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे. शेतकऱ्याच्या कानाला ते ‘हलकं बी’ असंच लागणार.

सरांनी भाषण केलं नाही. गाडीतून टिकाव-फावडं काढून दोन्ही रानांत एकेक खड्डा घेतला. ओढ्याकडे कंबरेएवढं खणूनही काळी मातीच, आणि हातभर खाली गेल्यावर ती मुठीत दाबली की गोळा होत होता. माळावर वीतभर खाली मुरूम लागला, टिकावातून ठिणगी उडाली. हिशेब साधा आहे : एक फुटापर्यंत माती असेल तर अनुराधा किंवा माउली, दोन फुटांपर्यंत असेल तर सुचित्रा, माउली नाहीतर आपली मालदांडी, आणि त्याहून खोल असेल तरच वसुधा, यशोदा. पाण्याची सोय असेल तर रेवती. वाण चांगला की वाईट हा प्रश्नच चुकीचा, कुठल्या रानात हे आधी ठरायला हवं. माळावरची वसुधा आत्ताच दुपारी माना टाकत होती. धाकटा भाऊ खड्ड्यात उतरून मुरूम हातात घेऊन बघत राहिला. मग म्हणाला, “बापानं वाटणी करताना हे असं खणून बघितलं असतं तर बरं झालं असतं.” थोरल्याला काही बोलता येईना. आम्ही चहा न घेताच निघालो.

गुरुवार : मंगळवेढा

बेगमपूरला भीमा ओलांडली, माचणूरच्या सिद्धेश्वराला गाडीतूनच हात जोडले. पुढे मंगळवेढ्याचं शिवार सुरू झालं आणि सगळे गप्प झालो. झाड नाही, बांध दिसत नाही, नजर जाईल तिथवर सपाट काळी जमीन आणि तिच्यावर हिरवी ज्वारी. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लुटवली ती याच गावची. कोठारात ज्वारी होती म्हणून कथा घडली, हे कीर्तनात कुणी सांगत नाही. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकनाने भावात किती फरक पडला असं विचारल्यावर एका तात्यांनी हसून विषय बदलला.

इथे आमचं काम वेगळं होतं. गेल्या वर्षीच्या पट्ट्यांतली ज्वारी आम्ही राखून ठेवली होती, मालदांडी एका पोत्यात, वसुधा दुसऱ्यात, रेवती तिसऱ्यात. आदल्या दिवशीच गावातल्या गिरणीवर वेगवेगळी दळून घेतली, दर वेळी गिरणी झाडून. आज गावातल्या दहा-बारा जणी त्याच्या भाकरी करणार होत्या. परातींना क्रमांक, नावं नाहीत. ही कल्पना काही आमची नाही. वाण तपासताना चव बघण्याची पद्धत संशोधन केंद्रांवरही असते. तिथे मात्र भाकरी करणाऱ्या वेगळ्या आणि चाखणारे साहेब वेगळे असतात.

चूल अंगणात मांडली. मी पुण्यात वाढले तरी भाकरी थापते, पण या बायकांच्या शेजारी बसून थापायची माझी छाती झाली नाही. आधण ठेवलं, उकळतं पाणी पिठात घातलं, आणि प्रत्येकीने मळायला घेतलं. परीक्षा तिथेच सुरू होते. एक नंबरचं पीठ पाणी जास्त मागत होतं. एका आक्काने तळव्याच्या मुळाने पीठ रगडत, वर न बघता सांगितलं, “ही आपली.” आपली म्हणजे मालदांडी. परातीखालचा क्रमांक बघितला. खरंच तीच होती. “वळखलं कसं?” “हाताला कळतंय की. रोजची हाय.” मग थापणं : कड फाटते का, परातीला चिकटते का, गोल वाढते का. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात, उलटून विस्तवासमोर उभी, आणि फुगते की नाही. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा चिमटीत धरून सोलून बघायचा. शेवटची परीक्षा संध्याकाळी. सकाळची भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि दिवे लागल्यावर मोडून बघायची, मऊ आहे की तुकडा पडतो. रानात जाणाऱ्या माणसाच्या शिदोरीला हेच महत्त्वाचं.

मतं द्यायला शेंगदाणे ठेवले होते, प्रत्येकीला पाच. आवडेल त्या परातीपुढे आवडेल तितके ठेवायचे. निम्मे शेंगदाणे मत द्यायच्या आधीच पोरांनी खाल्ले, त्यामुळे आकडा सांगण्यात अर्थ नाही. पण कल स्पष्ट होता. मालदांडी आणि वसुधा जवळजवळ बरोबरीत, रेवती रंगाने उजळ म्हणून दोघींना फार आवडली. वसुधाबद्दल एकीने सांगितलं, “वाईच गोड हाय, पोरं कोरडीच खातील.”

मग मी विचारलं, तर पुढच्या साली वसुधा पेरणार का? एकदम शांतता. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी मघाशी पीठ ओळखणाऱ्या आक्का बोलल्या. “पेरायचं त्यांनी. उपटायचं आमी.” वसुधाचं ताट जाड, मूळ खोल. मार्चात जमीन दगडासारखी झालेली असते. मालदांडीचं ताट दोन हातांनी एका हिसक्यात येतं. हे दोनदा ओढावं लागतं. “हाताला फोड येत्यात. उक्तं घ्यायला बाया तयार न्हाईत, जास्तीचं पैसं मागत्यात.” शेजारच्या दोघी-तिघींनी तळवे पुढे केले. गेल्या हंगामातले घट्टे अजून होते.

आमच्या तक्त्यात दाण्याचं उत्पादन, कडब्याचं उत्पादन, फुलोऱ्याचे दिवस, खोडमाशीची कीड, खडखड्या रोग, असे पंधरा रकाने आहेत. उपटायला किती जोर लागतो हा रकाना नाही. कुठल्याच तक्त्यात मी तो पाहिलेला नाही. यंत्राने कापता यावा म्हणून हरभऱ्यात उंच, उभट वाढणारा फुले विक्रम काढला गेला आणि तो शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतला, कारण मजुरीचा प्रश्न त्याने थेट सोडवला. रब्बी ज्वारीत कडबा अख्खा हवा असतो, त्यामुळे हार्वेस्टर चालत नाही, आणि सगळा भार बाईच्या तळहातावर येतो. मला वाटतं मालदांडी टिकून राहण्यात चवीइतकाच या सवयीच्या हिसक्याचाही वाटा असावा.

कडब्याची परीक्षा तात्यांनी घेतली. त्यांच्या गोठ्यात दोन म्हशी, एक खिलार जोडी. गेल्या वर्षीच्या वसुधाच्या आणि मालदांडीच्या पेंढ्या गव्हाणीत शेजारी-शेजारी टाकलेल्या. म्हशींनी दोन्ही खाल्ल्या. खिलाराने आधी वसुधा ओढली. तात्या खूश झाले नाहीत, उलट थोडे नाराजच झाले. मालदांडीवर त्यांचा जीव आहे. “त्याला काय कळतंय,” असं बैलाबद्दल म्हणून त्यांनी विषय मिटवला. इकडे ज्वारीचा भाव पडला तरी कडब्याचा शेकडा, म्हणजे शंभर पेंढ्या, चांगल्या भावाने गेला की वर्ष निभावतं. कित्येक घरांत कडबा हेच मुख्य पीक आणि ज्वारी जोडधंदा. दुष्काळी सालात तर जनावर वाचवायचं म्हणजे कडबा. दाण्याची टक्केवारी सांगून वाण पटवायला जाणाऱ्याला इथे कुणी उठून बसायला पाट देत नाही.

गंधकाचं मात्र इथे सगळ्यांना पटलं होतं. पेरणीआधी किलोला चार ग्रॅम, तीनशे मेशचं गंधक बियाला चोळलं की कणसात काणी, म्हणजे दाण्याऐवजी काळी भुकटी भरणारा रोग, येत नाही. खर्च नगण्य, आणि फरक डोळ्यांना दिसतो. गेल्या वर्षी एकाने अर्धं बी चोळून अर्धं न चोळता पेरलं, चोळलेल्या ओळींत काळं कणीस शोधावं लागलं. आता गावात ते कुणी सांगावं लागत नाही. पेरल्यावर बारा दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा, हे मात्र कितीदा सांगूनही कुणी करत नाही, कारण पुन्हा तेच, माणसं नाहीत.

शुक्रवार : अक्कलकोट, वेळ अमावस्या

आज काम होणार नाही हे माहीत होतं. या पट्ट्यात वेळ अमावस्येला घरात चूल पेटली तरी जेवण रानातच. सकाळपासून बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली, मडकी आणि टोपल्या घेऊन माणसं शेताकडे निघालेली. पुण्या-मुंबईला असलेली पोरंही आली होती. सर म्हणाले, वही गाडीत ठेवा.

ज्यांच्याकडे गेलो ते घर दोन भाषांचं. आजी कन्नडमध्ये विचारायच्या, सून मराठीत उत्तर द्यायची, नातू हिंदीत हट्ट करायचा. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, उभी केली होती. आत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव मांडलेले, वर शाल पांघरलेली. पूजा झाल्यावर यजमान मडक्यातली अंबील पळसाच्या पानाने रानभर शिंपडत गेले. मग पंगत : सगळ्या प्रकारच्या शेंगांचे दाणे, भाज्या आणि बेसन घालून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर, आणि वर वाडग्याने अंबील. नाही म्हणायची सोय नाही. मामांनी तिसऱ्यांदा भज्जी घेतली तेव्हा गाडी कोण चालवणार असा प्रश्न मला पडला.

पण त्या दिवशी मी जे बघितलं ते आमच्या सगळ्या मेळाव्यांत मिळून बघायला मिळालं नव्हतं. जेवणं झाल्यावर पाहुणे रान बघायला निघाले. दुसऱ्या गावचे मेव्हणे, लातूरकडचे व्याही, शिक्षक झालेले चुलते. प्रत्येक जण ताट दाबून बघतोय, शेंग फोडून दाणे मोजतोय, “हे कुठलं?” विचारतोय. कृषी खातं गाड्या लावून शिवारफेरी काढतं, इथे ती घराघरातून आपोआप निघालेली. यजमानांच्या तुरीजवळ सगळे थांबले. दाणा पांढरा, झाड मर रोगाला बळी पडलेलं नाही, आणि वाण बीडीएन ७११, बदनापूरच्या केंद्राचा. साधारण १५० दिवसांत येतो, त्यामुळे मध्यम जमिनीतही ओल असेतो शेंगा भरतात. हे बी कुणी दिलं? संस्थेने नाही, खात्याने नाही. यजमानांच्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी उदगीरहून येताना फडक्यात बांधून आणलं होतं. त्याचं आता गावात किती एकर झालंय ते यजमानांनाही सांगता येईना.

एका तरुण पाहुण्याने मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, असं बी एकमेकाला दिलेलं चालतं का? कायद्यात बसतंय का?” बसतंय. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क दिलाय. फक्त त्याला ब्रँडचं नाव लावून पिशवीत विकायचं नाही. हे बियाणं सरळ वाणाचं असल्यामुळे पुढच्या वर्षी तसंच उगवतं. संकरित असतं तर दरवर्षी दुकानात जावं लागलं असतं. ज्वारीचं बी राखायचं तर कणसं रानाच्या मधल्या भागातून निवडायची, कडेची नाहीत, कारण शेजारच्या रानातल्या वाणाचा पराग कडेला जास्त येतो. आजींनी हे ऐकून मान डोलावली आणि सुनेला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. सुनेने हसत सांगितलं, “म्हणतात, हे त्यांच्या सासूने सांगितलं होतं. पुण्याहून यायची गरज नव्हती.”

निघताना यजमानांना फुले माउलीचं दोन किलो बी दिलं. त्यांनी ते लगेच चार पुड्यांत वाटलं, दोन मेव्हण्यांना, एक व्याह्यांना, एक स्वतःला. सह्या घ्यायच्या राहिल्या. आता अहवालात काय लिहायचं ते सरांनी ठरवावं.

शनिवार : केगाव आणि परत

परतीच्या वाटेवर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र लागतं, २००५ पासूनचं. तिथे फार वेळ नव्हता. ‘सोलापूर लाल’ नावाचा त्यांचा वाण बघायचा होता. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व नेहमीच्या ‘भगवा’ वाणापेक्षा जास्त असलेलं डाळिंब. मी हौसेने माहिती घेतली, आणि बाहेर सांगोल्याहून आलेल्या एका बागायतदारांना विचारलं, लावणार का? ते म्हणाले, “लावीन की. व्यापारी घेतो का ते आधी सांगा.” भगव्याची साल जाड, दाणा लाल, दूरच्या बाजारात टिकतो, म्हणून व्यापारी भगवाच मागतो. ज्वारीत वाण स्वयंपाकघरात पास व्हावा लागतो, डाळिंबात आडतीवर. त्यात तेल्या रोग आहेच, आणि गेल्या काही वर्षांत सांगोल्यात खोडकिडीने उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या आहेत. त्यांना पोषणमूल्यं ऐकायला वेळ नव्हता, त्यांना झाड जगवायचं होतं. त्यांच्या बोलण्यात कुठेही राग नव्हता.

गाडीत सर आणि मी पुढच्या हंगामाच्या तक्त्यावर भांडत आलो. मला तीन रकाने वाढवायचे होते : संध्याकाळी भाकरी मऊ राहते का, जनावर कडबा कसं खातं, आणि एक एकर उपटायला किती बायांना किती दिवस लागतात. सरांचं म्हणणं, पहिल्या दोन रकान्यांना देणगीदार हसतील आणि तिसरा मोजायला मार्चात गावात राहावं लागेल. मी म्हटलं, राहू. ‘हलक्या जमिनीसाठी’ हे पिशवीवरून काढायचं आणि त्याऐवजी ‘एक फूट मातीसाठी’ लिहायचं, यावर मात्र आमचं टेंभुर्णीच्या आत एकमत झालं. बैल नसलेल्या गावांत दातेरी कोळप्याचं काय करायचं ते तसंच राहिलं. हाताने ओढायचं सायकल कोळपं एका गावात बघितलं होतं, भाजीच्या वाफ्यात ठीक, काळ्या भेगाळ रानात कितपत चालेल याची शंका आहे.

इंदापूरच्या अलीकडे मामांनी विचारलं, “मॅडम, मला द्या की एक पिशवी. करमाळ्याला टाकतो. ती वसुधा द्या, चांगली दिसत हुती.”

मी मागे वळून सरांकडे बघितलं. सर म्हणाले, “माती किती खोल आहे?”

“आता ते कुणी बघितलंय?”

“मग आधी बघा.”

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बरं. मग टिकाव-फावडं गाडीतच ऱ्हाऊ द्या. रविवारी गावाकडं चाललोय.”